दिलेला डाव

समोरच्या माणसाच्या हातातले पान चुकून उघडे पडले, की डेपोभाऊ मान वळवून ओसरीच्या सागवानी खांबाकडे तोंड करून बसत. ते पान पुन्हा मुठीत गेल्याची चाहूल लागेपर्यंत इकडे पाहत नसत. “उचला जी. मी पाह्यलं नाई,” एवढेच त्या खांबाला उद्देशून म्हणत. प्रतिपक्षाचे पान दिसले तरी न दिसल्यासारखे करणारे खेळाडू पुष्कळ असतात; भाऊ खरोखरच पाहत नसत. या मान वळवण्याचा दुसरा एक अर्थ मला फार उशिरा कळला. तो कळल्यापासून त्या ओसरीवर भोगलेले सुख आठवले, तरी जिभेवर कडुनिंबाचा पाला ठेवल्यासारखे होते.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाल्यानंतर थोड्याच काळात अहेरीच्या शाळेत संस्कृत शिकवण्यासाठी माझी नेमणूक झाली. गावाबाहेर इमारती लाकडाचा डेपो होता आणि त्याला लागून चार-दोन सरकारी घरे. त्यांतल्या शेवटच्या घरात भाऊ आणि त्यांच्या पत्नी राहत. गाव त्यांना डेपोभाऊ आणि डेपोबाई म्हणे. नुकत्याच कापलेल्या सागाचा वास त्या दोघांच्या कपड्यांनासुद्धा येई. उंच, सावळे, कपाळावर आडव्या आठ्या असलेले भाऊ वयाने माझ्याहून वडील होते. तरीही मी शिकवतो म्हणून मला ते ‘तुमी’ म्हणत आणि मी त्यांना ‘भाऊ’ म्हणे.

मी पाठशाळेत वाढलेला. आमच्या घरी पत्त्यांचा जोड ही वस्तू उंबऱ्याच्या आत आलेली नव्हती. शनिवारी संध्याकाळी मारुतीला तेल घालून मी देवळाच्या पायऱ्या उतरत असताना भाऊ वाट अडवून उभे राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, तिघं जण बसून राह्यलो. चौथ्याची बदली झाली. चौथा नसला तं मेंढीकोट होत नाई.”

“मी पत्ते खेळत नाही, भाऊ.”

“काऊन?”

“शास्त्रात द्यूत निषिद्ध आहे.”

“आमी कुठी पैसे लावतो जी? हरला तो पानं पिसते. येवढ्यासाठी तुमचा मारुती शेपूट आपटन काय?”

मी बराच वेळ विचार केला. ज्यात पैसे पणाला लागत नाहीत ते द्यूत नव्हे, असा निर्णय मनाशी करून मी त्यांच्यामागून चालू लागलो. देवळातून निघालेला मनुष्य थेट पत्त्यांच्या बैठकीला जातो, हे पाहून वाटेतल्या शिंप्याने मशीन थांबवले होते.

बैठकीतले दुसरे दोघे म्हणजे पोस्टमास्तर आणि शेठ. पोस्टमास्तर कोरपन्याकडचे, बौद्ध, वाचनाचे व्यसन असलेले आणि बोलायला तिखट. शेठ मूळचे सिरोंच्याचे. त्यांचे बाजारात कापडाचे दुकान होते, घरी तेलुगू बोलत आणि मला ‘गुरुजीगारू’ म्हणत. ते दोघे एका बाजूला, भाऊ आणि मी दुसऱ्या बाजूला, ही जोडी पहिल्या दिवशी ठरली ती अखेरपर्यंत मोडली नाही. अशा रीतीने मी भाऊंचा भिडू झालो. आयुष्यात मला पदव्या मिळाल्या, उपाध्या मिळाल्या. पण कोणी मला ‘माझा भिडू’ म्हणावे आणि ते ऐकून मला धन्य वाटावे, हे एकदाच घडले.

मी त्या काळी घराबाहेरचे पाणी घेत नसे. त्या पहिल्या शनिवारी देवळात नेलेला माझा पाण्याचा तांब्या हातातच होता, तो मी संकोचाने मागे भिंतीशी ठेवला. भाऊंनी तो उचलून सतरंजीच्या मधोमध ठेवला. “गुरुजीचा तांब्या आला, आता आपण सारे शुद्ध झालो,” असे म्हणून ते पोस्टमास्तरांकडे वळले. “मास्तर, पयले तुमी प्या. म्हंजे गुरुजीले नवीन पानी भरा लागते का नाई, ते आजच समजून जाईन.” पोस्टमास्तर माझ्याकडे पाहत शांतपणे पाणी प्याले. त्यांच्या हातून तांब्या घेऊन मीही प्यालो. भाऊंनी फक्त पाने वाटायला घेतली आणि म्हणाले, “बसा. पक्का झाला चौथा.” घरी परतताना मला वाटले होते की मन खाईल; तसे झाले नाही. उलट त्या रात्री देवापुढे बसलो तेव्हा अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक रंगाच्या दश्शीला मेंढी म्हणतात. ज्या जोडीने अधिक मेंढ्या नेल्या ती जिंकली, आणि चारही मेंढ्या एकाच जोडीकडे गेल्या तर दुसऱ्या जोडीवर कोट चढला. कोटासारखी नामुष्की नाही. मेंढी हातात असलेला मनुष्य ती लेकरासारखी जपतो. आपल्या भिडूचा हात पक्का दिसल्यावाचून ती खाली टाकत नाही. आमची पाने जुनी, कडा मऊ पडलेली होती. ती सरकावीत म्हणून डेपोबाई आपल्या डब्यातली पावडर देत, आणि चौघांच्याही बोटांना तिचा वास येई. शेठ म्हणत, “अय्यो, घरी बायको विचारते, कुठी जाऊन आले?”

भाऊंचा पहिला नियम असा, की भिडूला काही सांगायचे नाही. बोलून नाही, खोकून नाही, भुवई हलवूनही नाही. एकदा माझ्या हातात बदामाची वरची चारही पाने आली तेव्हा आनंदाने माझा श्वास जरा मोठा झाला असावा. भाऊंनी आपली पाने पालथी ठेवली आणि म्हणाले, “हा डाव मोडा. माझ्या भिडूनं मले सांगतलं.”

“मी एक अक्षर बोललो नाही, भाऊ.”

“तुमी नाई बोलले जी. तुमचा चेहरा बोलला. तुमचा चेहरा म्हंजे गावच्या पाटीसारखा आहे. रस्त्यानं जाणारा बी वाचते.”

पोस्टमास्तर हसून म्हणाले, “मंग याईले घुंगट घेऊन बसवा.” पुढचे काही शनिवार मी पाने पाहताना उपरणे नाकापर्यंत ओढून बसत असे, आणि त्याची थट्टा बाजारापर्यंत पोचली होती.

त्यांचा दुसरा नियम मला फार जड गेला. झालेल्या डावाची चर्चा करायची नाही. मी भाष्ये वाचून वाढलेला. एखादे वाक्य झाले की त्यावर पूर्वपक्ष, उत्तरपक्ष केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. डाव संपला की माझ्या तोंडी येई, “शेठजींनी तिसऱ्या हाताला किलवर का टाकली?” भाऊ लगेच हात वर करत. “मेला तो डाव. मेलेल्याचं रडगानं नाई. पिसा.” मग ते सारे भाष्य मी घरी जाताना एकटाच, अंधारात चालत, मनाशी करत असे. त्या रस्त्याने मी जितके डाव पुन्हा खेळलो असेन, तितके सतरंजीवरही खेळलो नसेन.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे दिलेला डाव. शेठजींच्या घरी नात जन्मली त्या शनिवारी त्यांचे लक्ष खेळात नव्हते, म्हणून भाऊंनी जिंकलेला हात सोडून द्यावा असे मी हळूच सुचवले. भाऊंचा चेहरा एकदम कठोर झाला. ते म्हणाले, “गुरुजी, मागून आनलेली भाकर पचते. दिलेला डाव पचत नाई. त्याले हरवा, मंग त्याच्या घरी जाऊन पेढे खा.” आम्ही शेठजींवर कोट चढवला आणि मग त्यांच्या घरी जाऊन पेढे खाल्ले. शेठजींनी आनंदाने दोन जास्त दिले.

अशी वर्षे गेली. आनंद हा शब्द मी व्याख्यानांत पुष्कळदा वापरला आहे, त्याचे प्रकारही सांगितले आहेत. परंतु दिवेलागणीला डेपोच्या फाटकातून आत शिरावे, सागाचा वास यावा, ओसरीवर कंदिलाची काच पुसली जात असावी आणि “आला माझा भिडू” हे शब्द कानी पडावेत, यात जो आनंद होता त्याची जात मला कुठल्या ग्रंथात सापडली नाही. डेपोबाई आतून “वाढून ठेवलं जी” म्हणून हाक मारीपर्यंत आमचे चौघांचे एक वेगळेच गाव होते.

अखेरच्या वर्षी दिवाळीनंतर भाऊ शेठजींच्या मालाच्या गाडीतून चंद्रपूरला जाऊन आले. दात दाखवायला गेलो होतो म्हणाले. त्यानंतर ते डेपोबाईंनी ठेवलेल्या चिवड्याला हात लावीनासे झाले, नुसते ताक घेत. “दात हलून राह्यले,” असे त्यांनी सांगितले आणि मी ते खरे मानले. त्यांचा आवाज खाली गेला. पण ते मुळातच कमी बोलणारे, तेव्हा मला त्यात नवल वाटले नाही.

मला नवल वाटले ते आमच्या यशाचे. त्या हिवाळ्यात भाऊ आणि मी असे खेळू लागलो की जणू दोघांच्या हातात एकच बुद्धी वाहत होती. शनिवारामागून शनिवार आम्ही जिंकत होतो. शेठ आणि पोस्टमास्तर कधी नाही इतके पानांना पारखे झाले होते. एकदा भाऊंनी इस्पिकचा एक्का उतरला. शेठजींनी त्यावर आपली इस्पिकची मेंढी टाकली. मला वाटले, त्यांच्यापाशी दुसरे इस्पिक नसेल. आणि दोन हातांनंतर त्यांनीच इस्पिकची छक्की खाली ठेवली. मी हसून म्हणालो, “शेठजी, छक्की घरात असताना मेंढी कापायला दिलीत? चष्मा बदला.”

“हो ना, गुरुजीगारू. वय झालं,” शेठ म्हणाले.

मी भाऊंकडे पाहिले. वाटले, या विनोदावर तेही हसतील. ते मान वळवून खांबाकडे पाहत होते. कुणाचे पान उघडे पडले आहे का, म्हणून मी सतरंजीवर पाहिले. सगळ्यांची पाने मुठीत होती. त्यांना डेपोत काही आवाज आला असेल असे समजून मी पुढची उतारी केली. त्या हिवाळ्यात त्यांनी असे तोंड पुष्कळदा फिरवले. आणि झालेल्या डावाची चर्चा करायची नाही, हा नियम असल्यामुळे छक्कीची गोष्ट मी पुन्हा काढली नाही.

शेवटच्या शनिवारी आम्ही शेठ-पोस्टमास्तरांवर लागोपाठ कोट चढवले. माझा आनंद पोटात मावत नव्हता. मी म्हणालो, “भाऊ, आता आपल्याला हरवणारा या तालुक्यात जन्मायचा आहे.” पोस्टमास्तर पाने गोळा करत होते, त्यांचे हात थांबले. भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाले, “खेळता तं तुमी खरंच चांगलं, गुरुजी.” त्यांनी खेळाबद्दल माझी केलेली ही एकमेव स्तुती. ती घेऊन मी घरी गेलो आणि पत्नीला दोनदा सांगितली. पुढच्या आठवड्यात ते बाईंसह नागपूरला लेकीकडे गेले. जाताना मला एवढेच म्हणाले, “येतो जाऊन.”

ते आले नाहीत. नागपूरच्या इस्पितळात ते वारले, हे मला शाळेत वर्गात उभा असताना कळले. घशाचा असाध्य रोग होता, तो दिवाळीपासून होता, हेही त्याच निरोप्याने सांगितले. तेरावे झाल्यावर डेपोबाई घर रिकामे करायला परतल्या तेव्हा आम्ही तिघे त्या ओसरीवर जाऊन बसलो. सतरंजी नव्हती. बाई आत भांडी बांधत होत्या. मला काही तरी सांत्वनाचे बोलायचे होते, म्हणून मी म्हणालो, “एक समाधान आहे. शेवटचा हिवाळा ते फार सुखाने खेळले. असे डाव आमच्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते.”

शेठजींनी मान खाली घातली. पोस्टमास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि मग सरळ माझ्याकडे.

“गुरुजी, ते डाव आमी दिले होते,” ते म्हणाले.

मला शब्द कळले, अर्थ कळला नाही. मग शेठ हळूहळू बोलू लागले. चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे भाऊंबरोबर तेच गेले होते. डॉक्टरांनी जे सांगितले ते त्यांनी ऐकले. परतताना गाडीत भाऊंनी एकच गोष्ट मागितली, की गुरुजीले सांगू नका. शेठजींना एकट्याला ते सोसवेना, म्हणून त्यांनी पोस्टमास्तरांना सांगितले. आणि त्या दोघांनी आपसात ठरवले की आता या माणसाला हरवायचे नाही.

“भाऊंना हे ठाऊक होते?” मी विचारले.

“आमी त्याईले नाई सांगतलं,” पोस्टमास्तर म्हणाले. “पन त्याईच्यापासून पान लपते का? पयल्याच शनवारी समजून गेले. तोंड फिरवून बसले.”

तेव्हा तो सागवानी खांब माझ्यासमोर होता. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

“तुम्ही त्यांचा अपमान केलात,” मी म्हणालो. “ज्या माणसाला दिलेला डाव पचत नव्हता, त्याच्या घशात तुम्ही दर शनिवारी तो घातलात.”

शेठजींनी डोळे पुसले. “अपमान कायचा, गुरुजीगारू. मानूस मरून राह्यला होता. आमच्या हातात पत्तेच होते. दुसरं काय देनार?”

“मग मला का नाही सांगितले? मी त्यांच्यासाठी जप केला असता. त्यांच्या उशाशी बसलो असतो. मी त्यांचा भिडू होतो,” मी म्हणालो.

उत्तर आतून आले. डेपोबाई दारात उभ्या होत्या, हातात सुतळी होती. “म्याच म्हनलं होतं त्याईले, गुरुजीले तं सांगा जी. तं म्हने, भिडूले सांगत नाई. अन् म्हने, आमी तिघं आता खेळून नाई राह्यलो, नुसते पानं टाकून राह्यलो. येकटे गुरुजीच खेळून राह्यले. त्याईचा चेहरा पाह्यतो अन् वाटते का डाव चालू आहे. त्याईले सांगतलं तं तो बी बंद पडन.”

बाई पुन्हा आत गेल्या. सुतळी ओढल्याचा आवाज येत राहिला.

भाऊंच्या त्या वाक्यात प्रेम आहे हे मला कळते. मी ते अनेक वर्षे तपासून पाहिले आहे, आणि प्रेमाखेरीज त्यात दुसरे काही नाही. म्हणूनच तो कडवटपणा जात नाही. शत्रूने फसवले असते तर मी देवावर सोपवून मोकळा झालो असतो. सत्य बोलावे असे मी जन्मभर शिकवले, आणि माझा चेहरा सत्य लपवू शकत नाही एवढ्याच कारणाने मला सत्यापासून दूर ठेवण्यात आले. मरणाऱ्या मित्राच्या शेजारी मी हसत, खेळत, शेठजींना चष्मा बदलायला सांगत बसलो होतो, आणि ते तिघे माझ्या हसण्याची शेकोटी करून भोवती हात शेकत होते. जिला मी आमच्या दोघांची एक बुद्धी समजलो, ती तीन माणसांची दया होती. मारुतीपुढे मी पुष्कळ वर्षे हे गाऱ्हाणे घातले. तेल घातले, गाऱ्हाणे घातले. मारुती ऐकून घेतो.

आमची बैठक पुन्हा भरली नाही. पुढे पोस्टमास्तर बदलून गेले, शेठ सिरोंच्याला परतले, मी निवृत्त होऊन चंद्रपुरात मुलाकडे आलो. पत्त्यांना मी हात लावत नसे. परंतु माझी नात कॉलेजात जाऊ लागली तेव्हा तिने हट्टाने मला मेंढीकोटाला बसवले, आणि आता शनिवारी संध्याकाळी मारुतीहून आलो की ती आणि मी एका बाजूला, मुलगा आणि सून दुसऱ्या बाजूला, असे आम्ही खेळतो. ती फार मनापासून खेळते. पाने चांगली आली की तिचा श्वास मोठा होतो.

मधे मुलाने मला डॉक्टरांकडे नेऊन आणले. वय आहे, असे तो म्हणाला. मी अधिक विचारले नाही. त्यानंतर नात आणि मी सारखे जिंकत आहोत. गेल्या शनिवारी मी किलवरचा एक्का उतरला. सुनेने त्यावर मेंढी टाकली, आणि थोड्या वेळाने तिच्याच हातून किलवरची पंजी आली. नातीचे तिकडे लक्ष नव्हते. तिने टाळी वाजवली आणि म्हणाली, “आजोबा, आपल्याला आता कोणी हरवूच शकत नाही.”

मुलाच्या घरी ओसरी नाही, खांब नाही. मी मान वळवली आणि दाराच्या चौकटीकडे पाहत बसलो. भाऊंना मी अजून क्षमा केलेली नाही. नातीलाही मी काही सांगितलेले नाही.